विंडोज ११ शेजारी लिनक्स मिंट: ५१२ जीबीच्या डिस्कवर पार्टिशनं कशी पाडावीत

प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि १६ जीबी रॅम आहे. विंडोज ११ आहे आणि ते ठेवायचं आहे. सी ड्राइव्ह साधारण २०० जीबी, डी ड्राइव्ह २७५ जीबी, आणि डीवर ९० जीबीच्या आसपास फोटो-फायली. त्यातच लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आहे. सी ड्राइव्ह लहान करायला गेलं तर विंडोज जेमतेम ८-१० जीबीच सोडायला तयार होतं. रूट (लिनक्सची मूळ सिस्टिम), होम (आपल्या फायली आणि सेटिंग) आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) किती किती ठेवायचं?

आधी उत्तर, मग कारणं. सीला हात लावू नका. डीमधून १२० जीबी काढा आणि ती जागा तशीच रिकामी सोडा. इन्स्टॉलरमध्ये त्या रिकाम्या जागेत एकच पार्टिशन करा, ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचं, आणि माउंट पॉइंट (ते पार्टिशन जिथे जोडायचं ती जागा) '/', म्हणजे रूट, द्या. आधीपासून असलेलं ईएफआय पार्टिशन (बूट करणारे प्रोग्राम ज्यात असतात ते) तेच वापरा, पण फॉरमॅट करू नका. वेगळं होम नको, वेगळं स्वॅप पार्टिशन नको. एवढ्यात काम होतं. यातला लिनक्सचा भाग अगदी छोटा आहे. जे काही बिघडतं ते बहुतेक वेळा विंडोजच्या बाजूची तयारी अर्धवट राहिल्यामुळे बिघडतं. म्हणून पेन ड्राइव्ह लावायच्या आधीच्या कामांवर जास्त वेळ घालवा.

विंडोजमध्ये आधी करायची कामं

पहिलं काम बॅकअपचं. डीवरचे ९० जीबी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, आणि कॉपी झाल्यावर त्यातल्या चार-दोन फायली उघडून बघा. विंडोजच्या आतून पार्टिशन लहान करणं बऱ्यापैकी सुरक्षित असतं. डेटा जातो तो इन्स्टॉलरमध्ये चुकीच्या ओळीवर क्लिक झाल्यामुळे.

दुसरं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. विंडोज होम आवृत्तीत हेच 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने सेटिंगमध्ये दिसतं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेक लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं. २४एच२ आवृत्तीपासून तर जास्तच मशीनवर. 'मी तर काही चालू केलं नव्हतं' यावर विसंबू नका, सेटिंगमध्ये जाऊन बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉपच्याच डेस्कटॉपवर सेव्ह केलेली की ऐन वेळी काही कामाची नाही. बायोसमधलं (विंडोजच्या आधी येणारी मशीनची सेटिंग) सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीचेच बूट प्रोग्राम चालू देणारी सोय, किंवा बूटचा क्रम बदलला की विंडोज ती की मागू शकतं, आणि की नसेल तर सीवरचा डेटा गेला म्हणून समजा. डी ड्राइव्ह लिनक्समधूनही वापरायचा असेल तर एन्क्रिप्शन बंद करणं सोयीचं. डिक्रिप्ट व्हायला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा आणि ते पूर्ण होईपर्यंत पुढे जाऊ नका. लॅपटॉप घेऊन फिरणं असेल आणि एन्क्रिप्शन हवंच असेल तर ते चालू ठेवूनही डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन लहान करता येतं. फक्त काही इन्स्टॉलर बिटलॉकर दिसलं की 'शेजारी टाका' हा पर्याय देत नाहीत, आणि जीपार्टेड या लिनक्सच्या पार्टिशन पाडायच्या साधनाला आतलं काही दिसत नाही.

तिसरं, फास्ट स्टार्टअप. विंडोज ११ मध्ये शटडाउन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही. कर्नेलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर लिहून ठेवून झोपी जातं. त्या अवस्थेत एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) पार्टिशन अर्धवट उघडी राहिल्यासारखी असतात. लिनक्समधून डी उघडला तर तो एकतर नुसता वाचता येतो, नाहीतर माउंटच होत नाही. जबरदस्तीने माउंट करून त्यावर लिहिलं, तर पुढच्या वेळी विंडोज जुनी माहिती धरून उठतं आणि फायली खराब होतात. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये त्याची खूण काढता येते, पण मोठे अपडेट आल्यावर ती परत लागण्याची शक्यता असते. त्यापेक्षा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' (powercfg /h off) ही कमांड द्या. हायबरनेशनच बंद होतं, फास्ट स्टार्टअपचा प्रश्न संपतो, आणि वर रॅमच्या साधारण ४० टक्के आकाराची हायबरनेशन फाइल जाऊन सीवर सहा-साडेसहा जीबी मोकळे होतात.

सी ड्राइव्ह आक्रसत का नाही

हा प्रश्न इतक्या लोकांना पडतो की तो नीट सांगायला हवा. सीवर १०० जीबी रिकामे असले तरी श्रिंकच्या (पार्टिशन लहान करण्याच्या) खिडकीत ८-१० जीबीच दिसतात, कारण विंडोज पार्टिशनची उजवी कडा फक्त शेवटच्या 'न हलणाऱ्या' फायलीपर्यंतच आत आणू शकतं. पेजफाइल (विंडोजचं स्वॅप), हायबरनेशन फाइल, सिस्टिम रिस्टोरच्या प्रती आणि एनटीएफएसची स्वतःची मास्टर फाइल टेबल (सगळ्या फायलींची यादी) या त्या फायली. यातली एखादी पार्टिशनच्या शेवटाजवळ बसली की पुढची सगळी रिकामी जागा अडकून पडते.

नेमकी कोणती फाइल आडवी येते ते विंडोज लिहून ठेवतं. श्रिंक करून बघा, मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत डीफ्रॅगकडून आलेली २५९ क्रमांकाची नोंद शोधा. त्यात त्या फायलीचं नाव सापडतं. पेजफाइल असेल तर व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती बंद करा, रिस्टोर असेल तर सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून जुने पॉइंट काढा, रीस्टार्ट करा, श्रिंक करा, आणि नंतर सगळं परत चालू करायला विसरू नका. मास्टर फाइल टेबल आडवी आली तर चालू विंडोजमधून ती हलत नाही. तिथे जीपार्टेडच्या लाइव्ह (डिस्कवर काही न टाकता थेट चालणाऱ्या) पेन ड्राइव्हवरून, बिटलॉकर बंद असताना, काम करावं लागतं.

तुमच्याकडे मात्र डी आहे. डेटाच्या ड्राइव्हवर पेजफाइल, हायबरनेशन फाइल अशा फायली सहसा नसतात, त्यामुळे तो बहुधा हवा तेवढा आक्रसतो. मग सीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

श्रिंक करताना आकड्यांचा घोळ

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. ५१२ जीबीच्या डिस्कसमोर ४७६ च्या आसपास आकडा दिसेल. डिस्क कमी दिलेली नाही. कंपनी १००० च्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. डीवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, आणि जी खिडकी येते तिथे जागा एमबीमध्ये मागितली जाते. १२० जीबी हवेत तर १२० गुणिले १०२४, म्हणजे १२२८८० टाका. हीच जागा मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये १२८८४९ एमबी म्हणून दिसेल, कारण तो १००० च्या हिशेबाने मोजतो. हा दुसरा आकडा कागदावर लिहून ठेवा. इन्स्टॉलरमध्ये 'फ्री स्पेस' लिहिलेल्या दोन-तीन ओळी असू शकतात, बऱ्याचदा एक-दोन एमबीच्या. आपली कोणती ते या आकड्यावरून ओळखता येतं.

श्रिंक झालं नाही आणि फाइल सिस्टिमची चूक दाखवली तर आधी डीवर चेकडिस्क चालवा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे आधीच केलेलं बरं.

झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' दिसेल. इथेच थांबायचं. त्या जागेत 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करून ई ड्राइव्ह बनवायचा मोह होतो, नको. लिनक्सला लागणारं फॉरमॅट विंडोजकडे नाही, तो ई ड्राइव्ह इन्स्टॉलरमध्ये पुसावाच लागेल, आणि पुसताना शेजारचा डी निवडला जाण्याचा धोका उगाच ओढवून घ्याल.

ईएफआय पार्टिशन

यूईएफआयच्या (जुन्या बायोसच्या जागी आलेली पद्धत) मशीनवर डिस्कच्या सुरुवातीला एक लहान फॅट३२ पार्टिशन असतं, १०० किंवा २६० एमबीचं. बूट करणारे प्रोग्राम त्यात राहतात. त्याच्या पाठोपाठ मायक्रोसॉफ्टचं १६ एमबीचं राखीव पार्टिशन असतं, ते डिस्क मॅनेजमेंट दाखवतच नाही पण लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये दिसतं. 'हे काय नवीन आलं' म्हणून ते उडवू नका. रिकव्हरीचं पार्टिशनही राहू द्या, कितीही निरुपयोगी वाटलं तरी.

एका डिस्कवर एकच ईएफआय पार्टिशन पुरतं; विंडोज आणि लिनक्स आपापल्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहतात. मिंट, उबंटू, डेबियन या लिनक्स सिस्टिमचा ग्रब (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा बूटलोडर) त्यात काही एमबीच जागा घेतो, कर्नेल रूटमध्ये राहतात, म्हणून १०० एमबीवरही भागतं. पॉप ओएससारखी सिस्टिम कर्नेलही ईएफआयमध्येच ठेवते आणि तिला एक जीबीच्या आसपास जागा लागते. तिथे विंडोजचं १०० एमबीचं पार्टिशन पुरत नाही, वेगळं मोठं करावं लागतं. मिंट निवडलंय तर ही कटकट नाही.

फॉरमॅटची खूण मात्र डोळ्यात तेल घालून बघा. ईएफआय पार्टिशन फॉरमॅट झालं तर विंडोजचा बूट प्रोग्राम जातो. डेटा शाबूत राहतो, पण विंडोज सुरू होत नाही आणि मग विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून दुरुस्ती करत बसावं लागतं. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये त्या ओळीवर 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' म्हणून वापर एवढंच सांगायचं असतं. कॅलमॅरेस नावाचा इन्स्टॉलर वापरणाऱ्या सिस्टिमवर 'कीप' निवडून माउंट पॉइंट '/बूट/ईएफआय' द्यावा लागतो. फेडोरात रीफॉरमॅटची चौकट रिकामी ठेवायची.

रूट, होम, स्वॅप: किती आणि का

मिंटची अधिकृत किमान गरज २० जीबी आहे आणि आरामात वापरायला १०० जीबी सुचवलेले आहेत. या दोन आकड्यांमधला फरक कुठे जातो ते कळलं की हिशेब आपोआप बसतो. मूळ सिस्टिम १०-१५ जीबीत बसते. पण टाइमशिफ्ट या सिस्टिमचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामच्या प्रती त्याच पार्टिशनवर साठतात आणि पहिली प्रत जवळजवळ सिस्टिमच्या आकाराची असते. फ्लॅटपॅकने टाकलेली ॲप स्वतःच्या लायब्ररी सोबत आणतात. पाच-सहा ॲपमध्ये काही जीबी गेले. डॉकर वापरणार असाल तर त्याच्या इमेजही रूटमध्येच, '/व्हार'खाली. जुने कर्नेल साठतात ते वेगळे. म्हणून '३० जीबी रूट, बाकी होम' हा जुना पुस्तकी सल्ला आज अंगाशी येतो: होममध्ये ६० जीबी रिकामे आणि रूट शंभर टक्के भरलेलं, अपडेट अडकलेले, कधीकधी लॉगिनसुद्धा होत नाही. आणि ईएक्सटी४ चालू असताना वाढवता येतं पण लहान करता येत नाही. लहान करायला बाहेरून, लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करावं लागतं.

१२० जीबीसाठी म्हणूनच एकच रूट. वेगळ्या होमचा फायदा खरा आहे, सिस्टिम नव्याने टाकली तरी आपल्या फायली आणि सेटिंग राहतात. पण तुमचा मोठा डेटा तसाही डीवरच राहणार आहे. लिनक्ससाठी २०० जीबीच्या वर जागा देता येत असेल तेव्हा ८० जीबी रूट आणि उरलेलं होम अशी विभागणी करा. त्याखाली नको.

होम डीवर, म्हणजे एनटीएफएसवर, ठेवायचा विचार काहींच्या मनात येतो. तो सोडून द्या. लिनक्सच्या फायलींचे मालक, परवानग्या आणि लिंक एनटीएफएसवर नीट टिकत नाहीत आणि अर्धे प्रोग्राम विचित्र वागायला लागतात. फोटो, गाणी, पीडीएफ डीवर ठेवून होममध्ये त्यांच्या लिंक करणं ठीक.

स्वॅपचं 'रॅमच्या दुप्पट' हे गणित रॅम १२८ किंवा २५६ एमबी असायची तेव्हाचं. १६ जीबी रॅमला ३२ जीबी स्वॅप म्हणजे एसएसडीची निव्वळ नासाडी. पार्टिशन केलं नाही तर मिंट आणि उबंटू रूटमध्येच स्वॅपफाइल करतात, साधारण दोन जीबीची, आणि ती पुढे केव्हाही मोठी करता येते. व्हिडिओ संपादन, मोठे प्रोग्राम कंपाइल करणं असं काही असेल तर नंतर ४ ते ८ जीबी करा. अपवाद एकच: लिनक्समध्ये हायबरनेट हवं असेल तर स्वॅप किमान रॅमएवढं लागतं, आणि तिथे वेगळं १६-१८ जीबीचं पार्टिशन करणं फाइलपेक्षा सरळ पडतं. पण सिक्युअर बूट चालू असेल तर उबंटू, मिंट, फेडोरा यांचा कर्नेल हायबरनेट होऊच देत नाही. ते आधी तपासा, मग जागा अडवा.

फाइल सिस्टिम ईएक्सटी४ च घ्या. बीटीआरएफएस चांगली आहे, फेडोरा वर्कस्टेशन २०२० पासून तीच देतं, पण ती सबव्हॉल्यूमसकट समजून घेतली तर उपयोगाची. एक्सएफएस घरच्या लॅपटॉपसाठी गैरसोयीची, कारण ती पुढे लहान करायची म्हटलं तर अडून बसते.

ईएक्सटी४ ची एक सवय माहीत असू द्या. एकूण जागेच्या ५ टक्के ती प्रशासकासाठी राखून ठेवते, म्हणजे १२० जीबीतले सहा जीबी 'कुठे गेले' असं वाटेल. रूटवर ते राहू द्या. डिस्क भरली तरी सिस्टिम त्याच जागेच्या जोरावर सुरू होते. नुसत्या डेटाच्या पार्टिशनवर हे प्रमाण १ टक्का केलं तरी चालतं.

पेन ड्राइव्ह आणि इन्स्टॉलर

पेन ड्राइव्ह रूफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रामने बनवा, डाउनलोडचा शा-२५६ (फाइल नीट उतरली का ते तपासायचा संकेतांक) जुळवून घ्या. सुरू होताना बूट मेन्यूत एकाच पेन ड्राइव्हच्या दोन ओळी दिसल्या तर ज्याच्या पुढे 'यूईएफआय' लिहिलंय ती घ्या. दुसरी घेतली तर इन्स्टॉलर जुन्या पद्धतीने चालतो आणि ग्रबसाठी एक एमबीचं 'बायोस ग्रब' पार्टिशन मागायला लागतो. असा निरोप दिसला की समजा, चुकीच्या दाराने आत आलात; बंद करून परत या.

लाइव्ह डेस्कटॉप आल्यावर आधी जीपार्टेड नुसतं उघडून बघा. डिस्क दिसते का? इंटेलच्या काही लॅपटॉपवर दिसत नाही, फक्त पेन ड्राइव्ह दिसतो. कारण बायोसमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' या इंटेलच्या खास मोडमध्ये असतं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून व्हीएमडी हा नवा प्रकार आला, त्याचा ड्रायव्हर आताच्या कर्नेलमध्ये आहे म्हणून तिथे डिस्क सहसा दिसते. जुन्या आरएसटीत अडतं. उपाय म्हणजे मोड एएचसीआय, म्हणजे साधा, करणं. पण तो सरळ बदलला तर विंडोज निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून अडकतं. क्रम असा पाळा: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबवर सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडतं आणि योग्य ड्रायव्हर उचलतं. मग सेफ बूटची खूण काढा, परत रीस्टार्ट. दोन सावधगिरी: सेफ मोडमध्ये पिनने लॉगिन न होण्याची शक्यता असते, खात्याचा पासवर्ड आठवत असू द्या, आणि बिटलॉकर चालू असेल तर इथे तो की मागतोच.

आता इन्स्टॉलर. 'इरेज डिस्क' म्हणजे अख्खी डिस्क, सी-डी-रिकव्हरीसकट. रिकाम्या जागेपुरतं किंवा सीपुरतं पुसेल असा समज करून घेऊन डेटा घालवणारे पुष्कळ. 'विंडोजशेजारी टाका' हा पर्याय चालतो, पण कुठलं पार्टिशन कापायचं हे तो स्वतः ठरवतो. 'समथिंग एल्स', म्हणजे पार्टिशन स्वतः ठरवायचा पर्याय, घ्या.

समोर जो तक्ता येतो त्यात तुमच्या डिस्कवर अशा काहीशा ओळी असतील: पी१ ईएफआय, २७२ एमबी, पी२, १६ एमबी, पी३ एनटीएफएस, २१४ जीबीच्या आसपास, हा सी, पी५ एनटीएफएस, १६६ जीबी, हा कापलेला डी, मग फ्री स्पेस, १२८८४९ एमबी, आणि शेवटी पी४, रिकव्हरी. पाच आधी आणि चार नंतर हे बघून दचकू नका. क्रमांक पार्टिशन कधी बनलं त्यावर ठरतो, डिस्कवर कुठे आहे त्यावर नाही. इथे सी-डी ही अक्षरं नसतात, म्हणून आकारावरूनच ओळखायचं.

फ्री स्पेसची ओळ निवडा, अधिकची खूण दाबा, आकार आहे तोच ठेवा, 'यूज ॲज'मध्ये ईएक्सटी४, माउंट पॉइंट '/'. ओके केलं की तिथे नवीन पी६ दिसेल आणि फॉरमॅटच्या रकान्यात फक्त त्याच ओळीवर खूण असेल. खाली बूटलोडरसाठी डिस्क विचारतात, तिथे तीच एनव्हीएमई डिस्क. 'न्यू पार्टिशन टेबल' हे बटण मात्र या पानावरचं सर्वांत घातक; ते सगळी टेबलच नवी लिहितं. आणि डीचा आकार इथे बदलायला जाऊ नका. बाकीचे बदल 'इन्स्टॉल नाउ' म्हणेपर्यंत कागदावरच असतात, पण आकार बदलताना तो लगेच डिस्कवर लिहितो.

'इन्स्टॉल नाउ' दाबल्यावर एक छोटी खिडकी येते, जिच्यावर सगळे 'कंटिन्यू' करून मोकळे होतात. ती वाचा. कोणती पार्टिशन फॉरमॅट होणार त्यांची यादी तिथे असते. तुमच्या बाबतीत एकच नाव हवं, सहाव्या क्रमांकाचं, ईएक्सटी४. दुसरं काहीही दिसलं तर 'गो बॅक'.

मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर आणखी एक मेख. मिंटचा हा इन्स्टॉलर बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी ग्रब पहिल्या डिस्कच्याच ईएफआयमध्ये टाकतो. तसं नको असेल तर इन्स्टॉल करण्याआधी जीपार्टेडमधून पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनचे 'बूट' आणि 'ईएसपी' हे फ्लॅग काढा, आणि काम झाल्यावर परत लावा. डेस्कटॉप असेल तर विंडोजची डिस्क केबलमधून काढून ठेवणं याहून सोपं.

इन्स्टॉल झाल्यावर

सरळ विंडोजच उघडलं तर इन्स्टॉल फसलं असं नाही; बायोसच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर वर राहिला आहे. तिथे 'उबंटू' नावाची नोंद वर आणा. मिंट टाकलं तरी नाव 'उबंटू'च असतं, कारण मिंट त्याच फोल्डरमध्ये ग्रब ठेवतं. (म्हणून एकाच डिस्कवर मिंट आणि उबंटू दोन्ही टाकले की एकाचा ग्रब दुसऱ्यावर लिहिला जातो.) एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर नोंद दिसतच नाही, तिथे बायोसला सुपरवायझर पासवर्ड लावून सिक्युअर बूटखाली ग्रबची फाइल 'ट्रस्टेड' म्हणून निवडावी लागते. उलट, ग्रबच्या यादीत विंडोज नसेल तर कारण बहुधा ओएस-प्रोबर, म्हणजे डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम: ग्रब २.०६ पासून तो मुळात बंद असतो, ग्रबच्या सेटिंग फायलीत चालू करून ग्रब अपडेट केला की विंडोज येतं.

घड्याळ साडेपाच तासांनी पुढे-मागे होतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. टाइमडेटसीटीएल (timedatectl) या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगा, मिटलं.

बायोस-एमबीआरचा जुना लॅपटॉप असेल तर

जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवर पार्टिशनची यादी ठेवायच्या नव्या आणि जुन्या पद्धती. वरचं सगळं जीपीटी डिस्कसाठी आहे, जिच्यात १२८ पार्टिशनची सोय असते. विंडोज ७ च्या काळातल्या लॅपटॉपवर एमबीआर असते आणि तिथे प्रायमरी पार्टिशन फक्त चार. कंपनीने चारही वापरलेली असतील तर रिकामी जागा असूनही इन्स्टॉलर तिला 'अनयूजेबल' म्हणतो. अशा वेळी विंडोजमध्ये पाचवं करायला गेलात की ते विचारतं, डिस्क 'डायनॅमिक' करू का? हो म्हणू नका. डायनॅमिक डिस्कवर लिनक्सचे इन्स्टॉलर हात टेकतात आणि डेटा न घालवता ती परत साधी करायची सोय विंडोजमध्ये नाही. त्यापेक्षा डेटाच्या एका पार्टिशनचा बॅकअप घेऊन ते पुसा, त्या जागेत एक्स्टेंडेड करा आणि आत हवी तेवढी लॉजिकल पाडा. लिनक्समध्ये लॉजिकल पाचव्या क्रमांकापासून सुरू होतात आणि रूट लॉजिकलवर असलं तरी चालतं.

पार्टिशनची डावी कडा सरकवणं शक्यतो टाळा, डिस्क कुठलीही असो. उजवी कडा आत घेणं झटपट होतं. डावी सरकवली की आतला सगळा डेटा उचलून पुढे मांडावा लागतो, फिरत्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर पार्टिशन अर्धं इकडे अर्धं तिकडे. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर तर अजिबात नको.

पुढे कधी लिनक्स काढायचं ठरलं तर आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर वर आणून विंडोज नीट उघडतं याची खात्री करा, मगच डिस्क मॅनेजमेंटमधून ते बिनअक्षरी पार्टिशन डिलीट करा. जागा डीला लागूनच उजवीकडे असल्यामुळे 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'ने ती परत डीत जाते. ईएफआयमध्ये 'उबंटू' फोल्डर उरतो, तो काही एमबीचा आहे आणि त्याचा विंडोजला काही त्रास नाही.